अज्ञात खाते

रघुनाथ शिगवण यांच्या पडवीतला संगणक रोज दुपारी स्वतःला अद्ययावत करायला बसे, काम जवळजवळ शेवटापर्यंत नेई, आणि मग केलेले सगळे उलटे फिरवून सकाळी होता तसाच पुन्हा उभा राही.

“आता बघ, लिवंल,” त्यांच्या पत्नी रंगूकाकी म्हणाल्या.

दुरुस्तीला आलेली सुचिता खुर्ची पुढे ओढून बसली होती. पडद्यावरचे गरगरणारे वर्तुळ थांबले, पडदा काळा झाला आणि त्यावर ओळ उमटली: अपडेट पूर्ण करता आले नाही, बदल मागे घेतले जात आहेत, संगणक बंद करू नका. रंगूकाकींना वाचता येत नव्हते. पण ही ओळ केवढी लांब असते आणि किती वेळ राहते, हे त्यांना एव्हाना पाठ झाले होते.

“लिवलान. आता घटकाभर गप ऱ्हाईल, मंग आपसूक जागा व्हईल. रुसल्या पोरावानी करतोय.”

“मध्येच लाइट जाते का, काकी?”

“लाइट जाते तवा पन करतो, हाय तवा पन करतो.”

सुचिताला हे उत्तर आवडले. एक शक्यता पुराव्यासकट बाद झाली होती, आणि तिला एकही स्क्रू काढावा लागला नव्हता. ती वाकून मागच्या तारा तपासू लागली आणि तिचा हात एका लिंबावर पडला.

“हे काय?”

“नीराबायनं ठेवलान. बाजूच्या घरातली. बोलली, यंत्राला कुणाची तरी नजर लागलीय.”

“बरोब्बर झरोक्यावर ठेवलंय. आत हवा जात नाही. तापतंय ते.”

“म्हंजी लिंबानं बिघडला?”

“नाही. लिंबानं बिघडलं नाही आणि सुधारलंही नाही.”

“मंग दे हिकडं. सांजच्याला म्हावऱ्यावर पिळीन.” रंगूकाकींनी लिंबू पदराला पुसून ओच्यात टाकले आणि समोरच्या बाकावर बसल्या. बसल्यावर त्यांचा आवाज बदलला. “सुचिता, बाय, एक आदी सांगते. ह्या पुसून नवा करायचा आसंल, तर हात लावू नको. श्रीवर्धनवरनं दोघं आले व्हते. दोघंबी तेच बोलले. मी च्या पाजून लावून दिले.”

पुसायचे म्हणजे फॉरमॅट करायचे. तो उपाय सुचितालाही ठाऊक होता आणि तो निश्चितपणे लागू पडला असता, कारण ज्या यंत्रात काहीच शिल्लक नाही त्यात बिघाडही शिल्लक राहत नाही. काम घाईचेही होते. रघूकाका टपाल खात्यातून निवृत्त झाले होते आणि वाडीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे पेन्शनचे, सातबाऱ्याचे, हयातीच्या दाखल्याचे अर्ज याच संगणकावर भरून देत होते. जुन्या प्रणालीवर हे काम महिनाअखेरीपासून चालणार नाही, अशी लाल पट्टी संकेतस्थळावर झळकू लागली होती. म्हणजे एक तर संगणक अद्ययावत व्हायला हवा होता, नाही तर पुसायला हवा होता. पुसला, तर गणराजही पुसला जाणार होता.

गणराज हा या घरातला एकुलता एक मुलगा. मुंबईत एका कंपनीत संगणकांची देखभाल करी. आदल्या वर्षी गणपतीला गावी येताना माणगावच्या अलीकडे महामार्गावर त्याची मोटरसायकल एका उभ्या ट्रेलरवर आदळली. संगणक सुरू केला की अजून त्याचा चेहरा येई: डाव्या कोपऱ्यात दोन गोल चित्रे, एकाखाली रघुनाथ, दुसऱ्याखाली गणराज. रंगूकाकी रोज तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावीत आणि मग संगणक सुरू करीत. हे वाडीत सर्वांना माहीत होते आणि त्यावर कोणी काही बोलत नसे.

“पुसणार नाही,” सुचिता म्हणाली. “कारण सापडलं तर पुसायची गरज पडत नाही.”

सुचिता मूळची तळा गावची. माणगावला पदार्थविज्ञानात बीएस्सी केले, लग्न होऊन बोर्ली पंचतनला आली, आणि कॉलेजात नोकरी मिळण्याची वाट पाहता पाहता बाजारपेठेत संगणकदुरुस्तीचे दुकान टाकून बसली. वाट पाहणे केव्हा थांबले, ते तिला नीट सांगता आले नसते. तिने एक सवय मात्र सोडली नव्हती. यंत्र चालू झाले की गिऱ्हाइकाला ती बिघाडाचे कारण सांगे. ते कोणी ऐकत नसे. कारण सांगायला सुरुवात झाली की लोक पिशवीची चेन लावू लागत. इतक्या वर्षांत ‘असं का झालं?’ म्हणून तिला एकानेही विचारले नव्हते. लोकांना यंत्र चालू हवे असते. कारण ही तिची एकटीची चैन होती.

गणराज तेवढा अपवाद होता. तो सुटीला आला की दुकानात डोकावे आणि तिच्याशी कारणांवर वाद घाली. शिमग्याला शेवटचा आला तेव्हा म्हणाला होता, “मॅडम, घरच्या संगणकाच्या अपडेटला मी कुलूप लावलंय.”

“का रे?”

“नेट बाबांच्या मोबाइलवरनं चालतं. हा सकाळी उठला की अपडेट ओढत बसतो, दुपारपर्यंत डेटा खलास. बाबांचे अर्ज अर्ध्यावर लटकतात आणि बाबा मला ड्युटीवर फोन करतात. म्हणून एक छोटासा प्रोग्राम लिहिला, अपडेट थोपवून धरणारा. पण सिस्टिम स्वतःच तो काढून टाकायला लागली. मग ज्या फोल्डरमध्ये ठेवला होता ना, तिथं सगळ्यांना बंदी. सिस्टिमलासुद्धा. फक्त मी.”

“कुलूप लाव. पण चावी आणखी कुणाकडे तरी असू दे.”

“मी येतोच की. शिमग्याला आन् गणपतीला. उघडतो, अपडेट करतो, परत लावतो. कशाला टेन्शन घेता?”

हे बोलणे सुचिताला आज इथे येताना वाटेत आठवले होते. त्यामुळे ती अंधारात चाचपडत नव्हती. काय शोधायचे ते तिला माहीत होते, आणि उत्तर आधीच माहीत असले की माणूस पुरावा वाकडा वाचतो, हेही माहीत होते. म्हणून तिने आधी बाकीच्या शक्यता संपवल्या. डिस्कवर जागा होती. मेमरी ठीक होती. व्हायरस नव्हता. नेट तर आता उत्तम होते. चैत्रात वाडीत फायबर आली होती. डेटा वाचवण्याचे कारणच गावातून गेले होते.

मग तिने नोंदी उघडल्या. अपडेट फसले की यंत्र कुठे अडले ते लिहून ठेवते. शेवटची ओळ रोज एकच होती: प्रवेश नाकारला. नव्या प्रणालीत प्रत्येक माणसाचा फोल्डर जुन्या जागेवरून उचलून नव्या जागी न्यावा लागतो. यंत्र रघुनाथचा फोल्डर उचलत होते, नेत होते. गणराजच्या फोल्डरपाशी येऊन थांबत होते. आत शिरायची परवानगी नव्हती. एक फोल्डर राहिला तर यंत्र बाकीचेही नेत नाही. सगळेच मागे घेते.

इथवर सगळे अपेक्षेप्रमाणे होते. सुचिता गणराजच्या गोल चित्रावर गेली. पासवर्ड विचारेल आणि काम तिथेच अडेल, अशी तिची अटकळ होती. खाते सरळ उघडले. तिथून तिने त्या फोल्डरवर बोट ठेवले.

प्रवेश नाकारला.

ती मागे टेकून बसली. गणराजच्या फोल्डरमध्ये गणराजच्याच खात्याला प्रवेश नव्हता.

तिने परवानग्यांची यादी पाहिली. यादीत एकच नोंद होती, गणराजने सांगितली होती तशी. पण तिथे नाव नव्हते. ‘अज्ञात खाते’ असे लिहिले होते आणि पुढे एक लांबलचक क्रमांक. मग तिने एक पायरी वर जाऊन पाहिले, तर गणराजच्या नावाचे फोल्डर दोन होते. एकाचे नाव निव्वळ गणराज. दुसऱ्याच्या नावामागे यंत्राच्या नावाचे शेपूट जोडलेले. त्या नावाचा फोल्डर आधीच पडून असेल तर यंत्र नव्या खात्याला असे शेपूट जोडते. पहिला फोल्डर काही वर्षांपूर्वीचा होता. दुसऱ्यावरची तारीख दिवाळीनंतरची होती.

गणराज भाद्रपदात गेला होता.

रंगूकाकी बाकावरून तिच्याकडेच पाहत होत्या. “गावला काय?”

“जवळ आलेय. काका कुठायत?”

“खळ्यात. सुपाऱ्या सोलतायत. सोलतायत कसले, कवाच्यान त्याच घेऊन बसलेत.”

रघूकाका खळ्याच्या कडेला पोत्यावर बसले होते. सुचिता त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि तिने आवाज खाली आणला.

“काका, गणराजचं खातं तुम्ही काढलं होतं?”

रघूकाकांनी हातातली सुपारी खाली ठेवली. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रे बंद अवस्थेत वाहून नेलेला हा माणूस. बातमी चेहऱ्यावर न दाखवण्याची त्यांना सवय होती. ती या वेळी चालली नाही.

“कळतं काय तिथं?”

“कळतं.”

“तेरावा झाला,” ते म्हणाले, “आन् मी नावं कमी करत सुटलो. रेशनकार्ड. मतदारयादी. बँक. कामच ते, कुणी तरी केलाच पाहिजे. मंग गावकीची बैठक झाली. मी रिटायर झालो तवा गावकीच्या वहीत घर त्याच्या नावावर चढवलेला. पालखीचा मान, बसायची जागा, सगळा त्याच्या नावानं. तो गेला, त्याला ना बायको ना पोर. मंग घर परत माझ्या नावावर उतरवलान. बापाकडनं पोराकडं जातो नाव, सुचिता. हा उलटा आला. सगळे खाली मान घालून बसलेले.” त्यांनी मांडीवरची सालं झटकली. “त्या दिवशी घरी आलो आन् इथलाबी नाव काढला. यंत्रानं विचारलान, खात्री आहे काय? मी व्हय म्हटला.”

“मग?”

“मंग सांजच्याला हिनं दिवा लावलान, यंत्र लावलान, आन् तो न्हाय. माझंच तोंड एकटं. ही काय बोलली न्हाय. रडली पन न्हाय. जेवायची बंद झाली.” त्यांनी सुपारी पुन्हा उचलली. “आपल्यात कसा असतो? नाव काढला, तरी परत चढवता येतो. नाव चढला की त्याच्यामागं मान येतो, जागा येते, सगळा येतो. मला वाटला, इथंबी तसाच. दिवाळी झाल्यावर बसलो आन् परत चढवला. तेच नाव. स्पेलिंग तेच. रेशनकार्डावरचा फोटो लावला. हिला सांगितला, यंत्र बिघडला व्हता, आता बरा झाला. ही जेवली.”

“आणि मागून सगळं आलं का?”

“न्हाय. आत कायच नव्हता. त्याचे फोटो न्हाय, गाणी न्हाय. मला वाटला, माझी कायतरी चूक झाली.” त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिले. “हिला नको सांगू, बाय. तिला वाटतो तो हायच तिथं.”

सुचिताने हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. खोटे बोलण्याविरुद्ध तिची काही तात्त्विक भूमिका नव्हती. तिला ते फक्त नीट जमत नसे.

ती परत आत आली. रंगूकाकी आता संगणकासमोरच्या खुर्चीवर बसल्या होत्या. चहाचा कप माउसशेजारी होता आणि त्यांचा हात माउसवर होता. पडद्यावरचा बाण गणराजच्या गालापाशी थांबलेला होता.

“काय बोलले?”

“सांगितलं त्यांनी, केव्हापासून असं होतंय ते.”

“हां.” रंगूकाकींनी खळ्याच्या दिशेने पाहिले. सुपारी सोलल्याचा आवाज येत नव्हता. “सुचिता, एक इचारू? हसू नको.”

“विचारा.”

“आदी ह्याच्या तोंडावर बाण न्हेऊन दाबला, की एक चौकोन यायचा. मी काय बी अक्षरं दाबायची, आन् तो न्हाय बोलायचा. परत दाबायची, परत न्हाय. पोरगा जित्ता व्हता तवापास्नं. त्याला फोनवर सांगायची, तुजा यंत्र मला आत घेत न्हाय. तो हसायचा. बोलायचा, आये, कुनालाच घेत न्हाय, तुला एकटीला न्हाय आसा न्हाय.” त्यांनी बटण दाबले. गणराजचे खाते मुकाट उघडले. निळा पडदा, कोपऱ्यात एक टोपली, बाकी काही नाही. “आता बघ. कुनी बी येवा. नीराबायनं दाबलान तरी उघडतो. माजा पोरगा आसा नव्हता.”

सुचिताने चहाचा कप माउसपासून लांब सरकवला.

“पयल्याच दिवशी कळला मला. पन ह्यांनी कवढा खपून केलान. स्पेलिंग बघायला दोनदा रेशनकार्ड काढलान, मी चुलीपास्नं बघत व्हती. मंग जेवली. न्हायतर तेबी जेवले नसते.” रंगूकाकी उठल्या आणि खुर्ची तिच्यासाठी मोकळी केली. “त्यांना नको सांगू मला म्हाईत हाय म्हणून.”

सुचिता खुर्चीवर बसली. एकाच घरात तिच्याकडे दोन गुपिते दिली गेली होती आणि दोन्ही एकच होती. तिने चष्मा पुसला. मग आपल्या हातात जे होते, ते करायला घेतले.

अनोळखी झालेल्या फोल्डरची मालकी घेता येते. अ‍ॅडमिनचा अधिकार असलेल्या कोणालाही ती घेता येते. रघूकाकांना तो होता. जुना मालक हटवायचा, नव्या मालकाचे नाव लिहायचे, परवानगी पुन्हा वाटायची. यंत्राने चौकोन उघडला आणि नाव मागितले.

“काकी, आतला एक कप्पा गणराजनं बंद केला होता. त्याचा मालक आता कोणी नाही. कुणाच्या तरी नावावर करावा लागेल. काकांच्या करते.”

रंगूकाकी पडद्याजवळ आल्या. त्या रिकाम्या चौकोनाकडे त्यांनी बराच वेळ पाहिले.

“मंग तो उघडंल?”

“उघडेल.”

“गावकीत बाईचा नाव लागत न्हाय. पोराच्या मागं आईचा तर न्हायच न्हाय. हितं लागंल?”

“इथं लागतं.”

“माजा घाल.”

तिने रंगूकाकींच्या नावाने खाते तयार केले. फोटो लावायचा का, असे यंत्राने विचारले. रंगूकाकींनी पदर सावरला आणि मग नको म्हटले. सुचिताने चौकोनात नाव लिहिले: रंगूबाई रघुनाथ शिगवण. दाबले. यंत्राने क्षणभर विचार केल्यासारखे केले आणि मालक बदलला. ‘अज्ञात खाते’ ही नोंद यादीतून गेली. तिने जुना फोल्डर उघडला.

खाते काढताना यंत्राने जे हाताला लागले ते सगळे पुसले होते. कुलुपात होते तेवढेच राहिले होते, कारण तिथे यंत्राचाही हात पोचत नव्हता. रंगूकाकींनी मान पुढे केली. आत फोटो नव्हता. आवाज नव्हता. पत्र नव्हते. अपडेट थोपवणारा तो छोटासा प्रोग्राम होता, दहाबारा ओळींचा, व्यवस्थित लिहिलेला. सुचिताने तो वरपासून खालपर्यंत वाचला. त्यात एकही चूक नव्हती. तो गणराजच्या खात्यातून चालत असे. खाते गेले त्या दिवशी थांबला, आणि त्यानंतरच यंत्र रोज दुपारी स्वतःला अद्ययावत करायला बसू लागले होते.

“काय हाय?”

“काकांच्या मोबाइलचा डेटा वाचवायची सोय केली होती त्यानं.”

“आजून काय?”

“अजून काही नाही, काकी.”

रंगूकाकींनी मान हलवली. “त्येच्यापायी भांडायचे दोघं,” त्या म्हणाल्या. “ऱ्हाऊ दे तो तसाच. काडू नको.”

सुचिताने प्रोग्राम तसाच ठेवला आणि अपडेट सुरू केले. वर्तुळ फिरू लागले. रघूकाका हात धुऊन आत आले आणि दाराशी उभे राहिले. मग बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. कोणी कोणाकडे पाहिले नाही. तिघेही वर्तुळाकडे पाहत होते. ते रोज ज्या ठिकाणी थांबे तिथे आले, अडखळले आणि पुढे गेले. पडदा काळा झाला. ओळ उमटली. ती नेहमीच्या लांबीची नव्हती. रंगूकाकींच्या ते लगेच लक्षात आले.

“हे काय लिवलान?”

“स्वागत आहे, असं.”

पडद्यावर आता तीन गोल चित्रे होती. रघुनाथ. गणराज. तिसऱ्यात फोटो नव्हता, एक करडी आकृती होती, आणि तिच्याखाली रंगूबाई. रघूकाकांनी ते वाचले. पुन्हा वाचले. त्यांनी बायकोकडे पाहिले.

सुचिताने पकड आणि स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकले. कारण सांगण्याची वेळ हीच असे. या वेळी तिने ठरवले होते की सांगायचे नाही. तिने पिशवीची चेन लावली.

“बाय,” रंगूकाकी म्हणाल्या. “कारण काय व्हता?”

चेनवरचा तिचा हात थांबला. तिने रघूकाकांकडे पाहिले. ते जमिनीकडे पाहत होते.

“सांग तू,” रंगूकाकी म्हणाल्या. “मला म्हाईत हाय. त्यांना पन म्हाईत हाय. एकदा कुनी तरी सरळ सांगाया हवा.”

रघूकाकांनी मान वर केली नाही. बाकावरचा आपला हात त्यांनी थोडा सरकवला. तो रंगूकाकींच्या लुगड्याच्या काठापाशी येऊन थांबला.

सुचिता पुन्हा खुर्चीवर बसली आणि तिने नेहमीसारखे, क्रमाने सांगितले.

“गणराजनं एका कप्प्यात फक्त स्वतःला परवानगी ठेवली होती. तो गेल्यावर काकांनी त्याचं खातं काढलं. नंतर त्याच नावाचं दुसरं खातं केलं. पण यंत्र माणसाला नावावरून ओळखत नाही. प्रत्येक खात्याला ते एकदाच एक क्रमांक देतं. खातं गेलं की तो क्रमांक जातो, आणि त्याच नावानं पुन्हा खातं केलं तरी तो परत मिळत नाही. नाव तेच होतं, फोटो तोच होता, क्रमांक दुसरा होता. म्हणून कप्पा उघडत नव्हता.”